शुल्काच्या रकान्यातलं एक अक्षर

तारपा वाजवणारा मधे आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं: वारली चित्रातला हा देखावा आपल्या ओळखीचा आहे. समजा, डहाणूकडच्या एका कारागिराने तो तीनदा काढला. एकदा कागदावर, एकदा लाकडी शोभेच्या हत्तीच्या पाठीवर आणि एकदा सुती स्टोलच्या पदरावर. हात तोच, रेघ तीच, मेहनतही जवळपास तेवढीच. तिन्ही वस्तू एकाच खोक्यात भरून अमेरिकेला पाठवल्या. खोकं तिथल्या कस्टम्सपुढे उघडलं की या तीन भावंडांच्या वाटा फुटतात.

कागदावरचं चित्र शुल्काच्या पुस्तकात 97 व्या प्रकरणात जातं. पूर्णपणे हाताने काढलेलं चित्र, शुल्क शून्य. लाकडी हत्ती 44 व्या प्रकरणात, लाकडाच्या शोभेच्या वस्तूंमध्ये. शुल्क 3.2 टक्के. सुती स्टोल 62 व्या प्रकरणात, शाली आणि स्कार्फच्या रांगेत. शुल्क 11.3 टक्के. (हे मूळ दर आहेत, 2025 मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर चढवलेली जादा शुल्कं वेगळी.) हत्तीच्या पाठीवरचं चित्र हेही हाताने काढलेलं चित्रच की, असा वाद घालायला जावं, तर पुस्तक लिहिणाऱ्यांनी तो आधीच हेरून ठेवलेला आहे. चित्रांच्या त्याच कलमात लिहिलंय की हाताने रंगवलेल्या किंवा सजवलेल्या तयार वस्तू इथे धरायच्या नाहीत. म्हणजे कस्टम्सच्या लेखी तारप्याचा फेर अस्तित्वातच नाही. तो कशावर काढलाय, एवढंच खरं.

आता यात आणखी एक गंमत मिसळू. गरीब आणि विकसनशील देशांच्या मालाला शुल्क माफ करणारी एक योजना अमेरिकेने 1 जानेवारी 1976 पासून चालवली. तिचं नाव जनरलाइज्ड सिस्टीम ऑफ प्रेफरन्सेस, व्यापारातल्या लोकांच्या तोंडी नुसती जीएसपी. तिचा लाभ घ्यायचा तर आयातदाराने कस्टम्सच्या नोंदीत वस्तूच्या कोडच्या आधी इंग्रजी ‘ए’ हे एक अक्षर लिहायचं. कागदावरच्या चित्राला या अक्षराचा उपयोग नव्हता, कारण तिथे शुल्क आधीच शून्य. स्टोललाही नाही, कारण बहुतेक कापड आणि कपडे या योजनेबाहेर ठेवलेले. उपयोग फक्त हत्तीला. त्याचे 3.2 टक्के त्या एका अक्षराने शून्य व्हायचे. सवलत म्हणून जे काही असतं, ते असं मधल्या पट्ट्यात असतं: जिथे शुल्क आहे, पण माफ करायला कुणाचा फारसा विरोध नाही.

शुल्क भरतं कोण?

‘अमेरिकेने केनियाच्या मालावर शुल्क लावलं’ असं वाचलं की डोळ्यांपुढे येतं ते नैरोबीतला कारागीर खिशातून पैसे काढतोय असं चित्र. प्रत्यक्षात पैसे भरतो तो अमेरिकेतला आयातदार. हस्तकलेच्या धंद्यात हा आयातदार म्हणजे पुष्कळदा एखादं जोडपं, घराच्या तळघरात रचलेली खोकी, वर्षातून एक-दोन खरेदीच्या फेऱ्या आणि नाताळच्या आधीचे दोन महिने होणारी खरी विक्री. त्याला शुल्क भरावं लागतं ते माल विकण्याआधी, माल सोडवून घेतानाच.

नैरोबीत जुनी कुलुपं आणि मोडके नळ वितळवून त्या पितळेचे दागिने घडवणारे कारागीर आहेत. हिशेबापुरता एक जोड 4 डॉलरचा धरू. साध्या धातूच्या अशा नकली दागिन्यांवर अमेरिकेत 11 टक्के शुल्क, म्हणजे जोडामागे 44 सेंट. एवढ्याशा पैशांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण या धंद्याची साधारण रीत अशी की आयातदार आपल्याला पडलेल्या किमतीच्या दुपटीने दुकानदाराला देतो आणि दुकानदार त्याच्या दुपटीने गिऱ्हाइकाला. शुल्क हे पडलेल्या किमतीतच मिसळलेलं असतं, त्यामुळे तेही दोनदा दुप्पट होतं. कस्टम्समधले 44 सेंट दुकानाच्या फळीवर पोचेपर्यंत 1 डॉलर 76 सेंट झालेले असतात. 16 डॉलरचा जोड पावणेअठराच्या वर जातो. सरकारला मिळाले 44 सेंट, गिऱ्हाइकाला पडले त्याच्या चौपट, आणि मधल्या फरकात कुणी लबाडी केलेली नाही; प्रत्येकाने आपला नेहमीचा गुणाकार केला, इतकंच.

हाच गुणाकार उलटा चालवला की सवलतीची ताकद दिसते. केनियाला जीएसपी असताना आयातदाराने ‘ए’ लिहिलं की 5000 डॉलरच्या खेपेमागे 550 डॉलर वाचायचे. एवढ्यात आणखी 137 जोड येतात. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात ही रक्कम दिसणारही नाही. तळघरातल्या आयातदारासाठी मात्र पुढच्या ऑर्डरचा आगाऊ पैसा म्हणजे हीच रक्कम.

शुल्काच्या पुस्तकातली आणखी एक जागा बघण्यासारखी आहे. चांदीचे दागिने डझनाला 18 डॉलरपर्यंत किमतीचे असतील तर शुल्क 13.5 टक्के. त्याहून महाग असतील तर 5 टक्के. स्वस्ताला जास्त आणि महागाला कमी! गरीब देशाचा बारीकसारीक माल नेमका वरच्या दराच्या कप्प्यात पडतो. अशा ठिकाणी सवलत ही दानत राहत नाही, जुन्या वाकड्या नियमावरचा उतारा होते.

दिल्लीत ठरलेली गोष्ट

ही कल्पना आली कुठून? अर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ राऊल प्रेबिश यांनी 1950 च्या सुमारास एक निरीक्षण मांडलं होतं. गरीब देश कच्चा माल विकतात, श्रीमंत देश पक्का. आणि काळ जाईल तसा कच्च्या मालाच्या बदल्यात पक्का माल कमी कमी मिळत जातो. त्यातून सुटायचं तर गरीब देशांनी पक्का माल विकायला हवा. पण श्रीमंत देशांची शुल्कं नेमकी तिथेच आडवी येत. कच्चा माल बिनशुल्क आत घ्यायचा आणि त्याच्यावर जसजसे संस्कार होतील तसतसं शुल्क चढवत न्यायचं, अशी त्यांची रचना होती. कोको बी आलं तर या, चॉकलेट आलं तर थांबा.

1964 मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद, म्हणजे अंक्टाड, स्थापन झाली आणि प्रेबिश तिचे पहिले सरचिटणीस झाले. परिषदेचं दुसरं अधिवेशन 1968 मध्ये भरलं ते नवी दिल्लीत. तिथे 21 क्रमांकाचा ठराव संमत झाला. विकसनशील देशांच्या मालाला सर्वसाधारण सवलत द्यावी, तिच्यात देशादेशांत भेदभाव करू नये आणि बदल्यात काही मागू नये. आज जगभरच्या शुल्क-पुस्तकांत विखुरलेल्या या सवलतींचं मूळ असं आपल्या राजधानीत आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

अडचण होती ती नियमाची. जागतिक व्यापाराचा तेव्हाचा करार, गॅट, याचं पहिलंच कलम सांगत होतं की एका देशाला दिलेली सूट सगळ्यांना द्या. गरिबाला वेगळं वागवायचं तर या कलमालाच अपवाद हवा. 1971 मध्ये तो दहा वर्षांपुरता मिळाला. त्याच वर्षी युरोपने आपली योजना सुरू केली. 1979 मध्ये अपवाद कायमचा झाला. गंमत अशी, की पुढे या नियमाचा अर्थ लावायला भाग पाडलं तेही भारतानेच. अमली पदार्थांच्या व्यापाराशी लढणाऱ्या ठरावीक देशांना युरोपने जास्तीची सवलत दिली होती आणि त्यात पाकिस्तानचं नाव आलं. 2002 मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेकडे गेला. 2004 च्या निकालात असं ठरलं की गरीब देशांमध्येही फरक करता येईल. मात्र तो वस्तुनिष्ठ निकषांवर आणि सारखी गरज असलेल्या सगळ्यांना खुला असला पाहिजे. मर्जीतल्या देशांची बंद यादी चालणार नाही. त्यानंतर युरोपला आपली योजना नव्याने बांधावी लागली.

हाताचा माल आणि पस्तीस टक्के

सवलत मिळायची तर माल खरोखर त्या देशातला असला पाहिजे. नाहीतर तिसऱ्याच देशातला माल नैरोबीत उतरवायचा, नवं लेबल चिकटवायचं आणि पुढे धाडायचा, हा धंदा सुरू होईल. म्हणून अमेरिकेच्या जीएसपीची अट होती: त्या देशातलं साहित्य आणि तिथे झालेल्या कामाचा थेट खर्च मिळून मालाच्या किमतीच्या किमान 35 टक्के भरले पाहिजेत, आणि माल तिथून सरळ अमेरिकेला आला पाहिजे.

या अटीने कारखानदार घामाघूम होतो. सुटे भाग चीनमधून आलेले, जोडणी तेवढी इथली. पस्तीस टक्के गाठताना त्याची दमछाक होते. हाताने काम करणाऱ्याची गोष्ट उलटी. केनियातल्या मसाई बायकांच्या दागिन्यांतले काचेचे मणी बहुधा झेक प्रजासत्ताकातून येतात. ते मणी हिशेबात धरता येत नाहीत. पण ओवणाऱ्या बोटांची मजुरी धरता येते, आणि अशा दागिन्यात मोठा वाटा तिचाच असतो. उत्तर घानातल्या बोल्गाटांगाच्या टोपल्या घ्या. गवत देशाच्या दक्षिण भागातून येतं, त्याच्या काड्या चिरायच्या, पिळायच्या, रंगात उकळायच्या, मग विणायच्या आणि शेवटी मुठीला चामडं गुंडाळायचं. सगळं घानातलंच. अर्थशास्त्र ज्याला मागासलेपण म्हणतं, म्हणजे यंत्र कमी आणि हात जास्त, तेच इथे अट पुरी करायला कामी येतं.

आफ्रिकेसाठी अमेरिकेने 2000 साली अगोआ नावाचा वेगळा कायदा केला. जीएसपीत जागा नसलेल्या कपड्यांना त्याने दार उघडलं आणि हातमागाच्या, हाताने केलेल्या व पारंपरिक वस्तूंसाठी त्यात खास वर्ग ठेवला. 2005 मध्ये रवांडातल्या विणकर बायकांच्या टोपल्या न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानात विकायला आल्या. 1994 च्या नरसंहारात एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या हुतू आणि तुत्सी समाजांतल्या बायका त्या एकत्र बसून विणत होत्या. नेपाळमध्ये 2015 चा भूकंप झाल्यावर पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून तिथल्या काही शाली, टोप्या, गालिचे आणि पिशव्यांना शुल्क माफ केलं. त्या माफीची मुदत होती 31 डिसेंबर 2025.

टेलचा शेतकरी

आता खरा प्रश्न. वाचलेल्या पैशातलं कारागिराच्या हाती काय लागतं? इथे कालव्याच्या टेलचा शेतकरी आठवावा. पाणी धरणातून सुटतं सगळ्यांसाठी, पण आधी भिजतं ते वरच्यांचं रान. शुल्क माफ होतं ते आयातदाराच्या खात्यात. त्याने ते पैसे नफ्यात टाकले, दुकानातली किंमत उतरवली, की कारागिराला जोडामागे जास्त दिले, याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. जिथे कारागिरांची संस्था आहे, भाव आधी ठरतो, अर्धी रक्कम ऑर्डरसोबत येते, तिथे पाणी टेलपर्यंत पोचण्याची शक्यता जास्त. जिथे मधे चार दलाल आहेत, तिथे कारागिराला सवलतीचा पत्ताही नसतो.

त्यात मधल्या वाटेवर गळतीच्या जागा आहेत. पहिली गळती यादीची. अमेरिकेच्या कायद्याने पादत्राणं जीएसपीतून वगळलेली होती. त्यामुळे भारताला ही सवलत जोमात मिळत होती तेव्हाही कोल्हापुरी चपलेला तिचा लाभ नव्हता. टाचेपासून वेणीपर्यंत हाताने केलेली असली तरी कस्टम्सला ती पायात घालायची वस्तू. देशी उद्योगाला झळ बसेल अशा वस्तू वगळायच्या, हे त्यामागचं तर्कशास्त्र. आणि गरीब देश जे चांगलं करू शकतात त्यांतल्या बऱ्याचशा वस्तू, म्हणजे कापड, कपडे, चपला, याच तर्कात अडकतात.

दुसरी गळती यशाची. एखाद्या देशाचा एखादा माल ठरावीक मर्यादेपलीकडे खपू लागला की त्या मालाची सवलत काढून घेता यायची. 2007 मध्ये भारताच्या सोन्याच्या दागिन्यांबरोबर पितळी दिव्यांचीही सवलत अशीच गेली. दिवे चांगले खपले, हा त्यांचा दोष.

तिसरी गळती सर्वांत मोठी: मुदत. ही सवलत म्हणजे हक्क नव्हे, देणाऱ्याची मर्जी. भारताने बाजारात पुरेसा प्रवेश दिला नाही असं कारण देऊन अमेरिकेने 5 जून 2019 पासून भारताचं नाव यादीतून काढलं. तक्रारी होत्या तिथल्या दुग्धव्यवसायाच्या आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यांच्या. म्हणजे भांडण दुधाचं आणि स्टेंटचं, फटका मात्र हस्तकलेलाही. आपल्या सरकारने तेव्हा सांगितलं की वर्षाला सुमारे 5.6 अब्ज डॉलरच्या निर्यातीवर वाचणारं शुल्क जेमतेम 19 कोटी डॉलर आहे, त्यामुळे फार बिघडत नाही. देशाच्या बेरजेत ते बरोबरच आहे. सरासरी साडेतीन टक्क्यांच्याही खाली येते. पण सरासरीत 11 आणि 13.5 टक्केवाले दिसत नाहीत.

पुढे 31 डिसेंबर 2020 ला अमेरिकेची ही योजनाच सगळ्या देशांसाठी संपली आणि पाच वर्षं उलटली तरी संसदेने तिचं नूतनीकरण केलं नाही. पूर्वीही असं व्हायचं. 31 जुलै 2013 ला मुदत संपली आणि योजना पुन्हा चालू व्हायला 29 जुलै 2015 उजाडलं. मधल्या दोन वर्षांत जे घडलं ते या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत विलक्षण दृश्य आहे. आयातदार पूर्ण शुल्क भरत होते आणि तरीही कोडच्या आधी ‘ए’ लिहीत होते. लागू नसलेल्या सवलतीची खूण ते नोंदीत ठेवत होते, आणि कस्टम्सही त्यांना तसंच करायला सांगत होतं. कारण योजना मागल्या तारखेपासून जिवंत झाली तर ही खूण असलेल्यांना परतावा आपोआप मिळणार. तसंच झालं. परतावे मिळाले, व्याज मात्र नाही. ज्यांनी तग धरला त्यांना पैसे परत आले. ज्यांनी दरम्यान दुकान आवरलं किंवा ऑर्डर कमी केल्या, त्यांच्या कारागिरांना मागल्या तारखेने काम देण्याची सोय कुठल्याही कायद्यात नाही.

लहानांची दुसरी वाटही 2025 मध्ये बंद झाली. 800 डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत बिनशुल्क जायचं. नैरोबीची असो की जयपूरची, एखादी बाई घरबसल्या थेट गिऱ्हाइकाला पाठवू शकायची. 29 ऑगस्ट 2025 पासून ती सूट सगळ्या देशांसाठी थांबली. शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं याचा गोंधळ एवढा, की त्याआधीच 25 ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याला अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं तात्पुरतं थांबवावं लागलं.

देणाऱ्याच्या खुर्चीत

या गोष्टीत आपण कायम घेणारेच आहोत असं मात्र नाही. अतिमागास देशांच्या मालाला शुल्क माफ करावं असं 2005 मध्ये हाँगकाँगच्या बैठकीत ठरलं आणि विकसनशील देशांतून अशी योजना आणणारा पहिला देश ठरला भारत. एप्रिल 2008 मध्ये दिल्लीतल्या भारत-आफ्रिका परिषदेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ती जाहीर केली तेव्हा लाभ होणाऱ्या वस्तूंत त्यांनी कापूस, कोको, तयार कपडे यांच्याबरोबर काजूचंही नाव घेतलं. 2014 पासून या देशांसाठी आपल्या शुल्क-यादीतल्या 98.2 टक्के नोंदी बिनशुल्क आहेत.

याचा अर्थ गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या काजू कारखानदाराला विचारावा. स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेचं बी येतं. मोझांबिकमधून तूर येते आणि आपल्या वरणात शिजते. तिकडे ती लावणारा लहान शेतकरी आपल्या बाजाराकडे तसाच डोळे लावून बसतो, जसा मुरादाबादचा पितळकाम करणारा अमेरिकेकडे. आपण एखाद्या वर्षी आयातीचं धोरण बदललं की त्याच्या खळ्यावरचा भाव हलतो. शुल्काच्या रकान्यात बसलेल्या माणसाला हे दिसत नाही. आपल्यालाही दिसत नाही.

या सगळ्या उलाढालीतून मला एक गोष्ट पक्की वाटते. कारागिराला उपयोगी पडतो तो सवलतीचा आकडा नव्हे, तिचा भरवसा. गवत आधी विकत घ्यावं लागतं, रंग आधी आणावा लागतो, शिकाऊ मुलीला हात बसायला दोन मोसम लागतात. दोन वर्षांनी काय होईल हे माहीत नसेल तर 11 टक्क्यांची माफीसुद्धा फक्त एका खेपेची खूशखबर ठरते. उलट तीनच टक्के, पण दहा वर्षं न हलणारे, यांवर एखादं गाव धंदा उभा करू शकतं. भारत आता सवलतींकडून दोन्ही बाजूंनी बांधील असणाऱ्या करारांकडे वळला आहे: संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार 2022 पासून लागू आहे, ब्रिटनशी 2025 मध्ये सही झाली. मर्जीपेक्षा सहीचा भरवसा जास्त, हा त्यातला खरा फायदा. तेव्हा यापुढे अशा कराराची बातमी आली की किती टक्के माफ झाले याच्या मथळ्यावर थांबू नये. यादी उघडून चप्पल, स्टोल आणि दिवा आत आहेत का ते बघावं, आणि मग मुदत कधी संपते ते.